ज्या जहाजाचे नाव घरात उच्चारीत नसत

मृत मनुष्यावर ठेवलेला दोष त्याला स्वतःला धुता येत नाही. तो धुवायचा की तसाच राहू द्यायचा, हे जिवंतांच्या हाती असते. ज्यांना तो धुवावासा वाटतो, त्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी ठरवली पाहिजे. सत्य हाती आले, आणि येताना आपण मागितले त्याहून अधिक काही घेऊन आले, तर तेही आपणच वाहायचे. देओलिंदा सीमासने हे ठरवले नव्हते. बाप गेल्यापासून एकोणचाळीस वर्षे ती सत्य शोधीत होती. ते सापडल्यावर काय करायचे, याचा विचार करायला तिला सवडच मिळाली नव्हती.

पवित्र आत्म्याचा रुपेरी मुकुट त्या सोमवारी गिल सीमासच्या घरी आला होता. ईस्टरनंतरचे सात आठवडे तो आमच्या न्यू बेडफर्ड बंदरातल्या सात पोर्तुगीज घरी मुक्काम करतो, आणि सातव्या घराचा मान सर्वांत मोठा. कारण सातव्या रविवारी त्याच घरातून मिरवणूक निघते आणि चर्चमध्ये तो मुकुट कुणाच्या तरी मस्तकावर टेकवला जातो. सीमासांकडे सातवा आठवडा एकाहत्तर वर्षांनी आला होता. मधल्या काळात सोडतीत त्यांची चिठ्ठी निघालीच नाही, असे लोक म्हणत. गिलच्या आईने जिवंत असेपर्यंत चिठ्ठीत नावच घालू दिले नव्हते, हे घरच्यांना ठाऊक होते.

देओलिंदा दुपारी आली आणि नेहमीप्रमाणे दाराजवळच्या खुर्चीवर बसली. मुकुट घरात असताना देओलिंदाच्या बापाच्या, लौरेनियोच्या, वंशातल्याने टेबलाशी बसू नये, हा गिलच्या आईचा, हर्मिनियाचा, नेम होता. हर्मिनिया जाऊन तीस वर्षे झाली होती. खुर्ची तिथेच होती.

“गिल,” देओलिंदा म्हणाली, “या रविवारी मुकुट मी नेईन म्हणते.”

गिलने चमचा खाली ठेवला. सत्त्याहत्तर वर्षांचा, बोटीवरून निवृत्त झालेला कप्तान. चुलत बहिणीकडे तो अजूनही वादळाकडे पाहावे तसा, डोळे बारीक करून पाहत असे.

“तू? पंच्याहत्तराव्या वर्षी? दोन पायऱ्या चढलीस की भिंत धरतेस.”

“मिरवणुकीत पायऱ्या नसतात.”

गिलची बायको ओर्तेंसिया भांड्यात पुदिना टाकता टाकता हसली. “हे बाकी खरं हं. सरळ रस्ता आहे.”

“तू मध्ये बोलू नकोस.”

“का? सोपाशचा रस्सा मी शिजवायचा, शंभर माणसांना मी वाढायचं, आणि बोलायचं मात्र तुम्ही?”

“दिओ,” गिल बायकोला सोडून पुन्हा बहिणीकडे वळला, “तुमच्याकडे मुकुट का जात नाही, तुला माहीत आहे. तीन माणसं बुडाली. माझा बाप आणि ते दोघे फ्राद भाऊ. धुक्यात बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, पहाऱ्याला कोण होतं? तुझा बाप. काय करत होता? झोपला होता. हे मी म्हणत नाही. लौरेनियोकाकाने स्वतःच्या तोंडाने माझ्या आईला सांगितलं, या स्वैपाकघरात.”

“मी तेव्हा चार वर्षांची होते. मी नव्हते इथे.”

“मी होतो. या टेबलाखाली.”

 गिलची मुलगी झुल्मिरा खिडकीशी उभी राहून पाव कापत होती. बंदरातली जाळी विणण्याची आणि दुरुस्तीची माडी ती वीस वर्षे चालवीत होती. माणसांचे बोलणे ती गाठी तपासाव्यात तसे ऐके, बोटाने चाचपून.

“खटला झाला होता ना?” देओलिंदा म्हणाली. “बाबा साक्षीला गेले होते. आई सांगायची, कोट उसना आणला होता. तिथे ते काय बोलले, ते कुणी ऐकलंय?”

“मग आण की तो कागद! शपथेवरचा. तो झोपला नव्हता असं त्यात निघालं तर मुकुट तुझा. माझा शब्द.”

“एकोणचाळीस वर्षं शोधतेय.”

“मग आणखी एकोणचाळीस शोध. मी आहेच.”

झुल्मिराने सुरी खाली ठेवली. “आत्या, तू शोधलंस कुठे कुठे?”

“कुठे नाही ते विचार. शहराचं कोर्ट, जिल्ह्याचं, राज्याचं. वारसांच्या नोंदी. दोनदा बोस्टनला फेडरल कोर्टात जाऊन आले. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं, नाही म्हणाली.”

“कॉम्प्युटरवर इतकं जुनं असतंच कुठे? आणि नाव काय सांगितलंस?”

“सगळी सांगितली. लौरेनियो सीमास. एवारिस्तो सीमास. हर्मिनिया सीमास. दोघे फ्राद. प्रत्येकाचं उत्तर तेच. या नावाने खटला आढळत नाही.”

“सगळी माणसांचीच?”

“मग कुणाची सांगणार? मांजराची?”

“आत्या, गेल्या वर्षी धक्क्यावर कोर्टाचा मार्शल आला होता आठवतं? बोटीच्या दारावर कागद चिकटवून गेला. त्यावर मालकाचं नाव होतं का? नव्हतं. बोटीचं होतं. समुद्रावरच्या भांडणात कोर्ट जहाजालाच हजर करतं. तू जहाजाचं नाव कधी दिलंस?”

देओलिंदाने पदराशी खेळावे तशी शालीची कड बोटांत गुंडाळली. पलीकडच्या खोलीत मुकुट पांढऱ्या फुलांत ठेवलेला दिसत होता.

ते नाव या घरात कोणी उच्चारीत नसे. हर्मिनियाने मुलाला, दिराला, शेजारणींना बजावले होते. जे तेलवाहू जहाज धुक्यात सीमासांच्या बोटीवरून गेले, त्याला या घरी ‘ते लोखंड’ म्हणत. तोंडाने म्हणू नये ते हाताने लिहूही नये, असे देओलिंदाने लहानपणीच मनाशी धरले होते. ज्या घराने तिला टेबलाशी बसू दिले नाही त्या घराचा हा नेम तिने एकोणचाळीस वर्षे प्रत्येक अर्जावर पाळला. रकान्यामागून रकाने तिने मृतांच्या नावांनी भरले आणि एक नाव वगळले.

“मला ते म्हणता येणार नाही,” ती हळूच म्हणाली. “मुकुट घरात असताना तर नाहीच.”

“मग लिही.”

“लिहिणंही तेच.”

आणि तेव्हा गिल बोलला. पुढे त्याने ओर्तेंसियापाशी कबूल केले, की त्यात औदार्य काहीच नव्हते. काही सापडणार नाही याची खात्री होती म्हणूनच तो बोलला. पण बोलला.

“हॉलवर्ड.”

ओर्तेंसियाच्या हातातली पळी भांड्याच्या काठावर वाजली. झुल्मिराने पावाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने ते नाव लिहिले, आणि ते लिहिताना तिचे अक्षर नेहमीपेक्षा मोठे आले.

*

मंगळवारी सकाळी झुल्मिराने माडीवरूनच बोस्टनच्या केंद्रीय न्यायालयात फोन लावला. खाली दोन माणसे जाळे ओढीत होती आणि ती एका कानात बोट घालून ओरडत होती.

तिकडच्या कारकुनाने शांतपणे सांगितले, की सत्तर वर्षांपूर्वीची दप्तरे न्यायालय स्वतःपाशी ठेवीत नाही. ती राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवलेली आहेत आणि इकडची शाखा वॉल्थमला आहे. तिथे खटल्याचा क्रमांक लागेल. क्रमांक नसेल तर न्यायालय, साल आणि पक्षाचे नाव.

“पक्ष म्हणजे जहाज चालेल?”

“सागरी खटला असेल तर जहाजच उत्तम, बाई.”

झुल्मिराने फोन ठेवला आणि खालच्या माणसांना विनाकारण “वाहवा!” म्हणून आरोळी दिली. त्यांनी चमकून वर पाहिले आणि जाळे अधिक जोराने ओढले.

वॉल्थमच्या अभिलेखपाल मिस ट्रास्क यांचे उत्तर बुधवारी दुपारी आले. सागरी खटल्यांची त्या वर्षांची हाती लिहिलेली नोंदवही त्यांनी जहाजांच्या नावांनी पाहिली होती. ‘हॉलवर्ड’ सापडले. खटला बुडालेल्यांनी केलेलाच नव्हता. जहाजाच्या मालक कंपनीने स्वतः न्यायालयात जाऊन अर्ज केला होता, की या अपघाताची जबाबदारी आमच्यावर नाही, आणि असलीच तर मर्यादित आहे. विधवांचे दावे त्या एका अर्जाच्या पोटात दाखल झाले होते. म्हणून अनुक्रमणिकेत सीमास हे नावच नव्हते. क्रमांक होता, खोका होता, खोक्यात चार फायली होत्या. प्रतीसाठी लेखी अर्ज करता येईल, पण घाई असेल तर वेळ ठरवून समक्ष यावे. शेवटी एक ओळ होती: साक्षींची टिपणे प्रत्येक दप्तरात टिकून असतातच असे नाही, पुष्कळदा केवळ अर्ज आणि निकाल उरतात, तशी मनाची तयारी ठेवावी.

झुल्मिराने ती शेवटची ओळ आत्याला वाचून दाखवली नाही. बापाला दाखवली.

गिलने चष्मा पुसला आणि ती पुन्हा वाचली. मग म्हणाला, “उद्या किती वाजता निघायचं?”

“तुम्ही येणार?”

“मग? तुम्ही दोघी जाऊन काहीही वाचून याल आणि मला सांगाल.”

*

गुरुवारी गाडीत गिल पुढे बसला होता आणि मागे देओलिंदा. वाटेत तिने दोनदा विचारले, “झुल्मिरा, ते आपल्याला वाचू देतील ना?” आणि दोनदा गिलच म्हणाला, “सरकारी कागद आहेत. कुणीही मागावेत. तुझ्या सुनेच्या पाककृती नव्हेत.” दुसऱ्यांदा म्हणताना त्याच्या ध्यानात आले, की आपले हात थंड पडले आहेत. पहिल्यांदा स्वतःची बोट घेऊन बंदराबाहेर पडलो त्या दिवशी पडले होते तसे.

त्याला भीती कशाची होती, हे तो स्वतःला नीट सांगू शकत नव्हता. पन्नास वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाला एक गोष्ट केव्हाचीच खटकत होती. पहारेकरी झोपला तरी धुक्यातले इशाऱ्याचे शिंग वाजते. सुकाणूवर दुसरा माणूस असतो. धुक्यात शहाणा कप्तान वेग निम्मा करतो. सुकाणूवर त्याचा बाप होता. हा हिशेब गिलने कधी पुरा केला नव्हता.

वाचनालयात जाण्यापूर्वी मिस ट्रास्क यांनी त्यांची ओळखपत्रे पाहिली, नावे नोंदवून घेतली, वाचकपत्रे करून दिली. पिशव्या, कोट, शाल बाहेरच्या कपाटात. पेन आत न्यायचे नाही. पेन्सिल इथे मिळेल. हात धुवून यावे. खोक्यातून एका वेळी एकच फाइल काढायची, तीतले एकच पान उलटायचे, क्रम बदलायचा नाही.

“शाल पण?” देओलिंदाने विचारले.

“हो आजी, शाल पण.”

“चर्चमध्येसुद्धा एवढं काढायला लावत नाहीत,” ती पुटपुटली. पण हात तिने दोनदा धुतले.

छोट्या गाडीवरून करडा खोका आला. त्याच्या अंगावर न्यायालयाचे नाव, क्रमांक, साल, आणि खाली सुबक अक्षरात ते जहाज. देओलिंदाने ते लिहिलेले प्रथमच पाहिले. एवढेसे आठ इंचांत मावणारे.

पहिल्या फायलीत कंपनीचा अर्ज होता. दुसरीत विधवांचे दावे. हर्मिनियाने सही म्हणून काढलेली फुली, आणि शेजारी वकिलाने लिहिलेले तिचे नाव. गिलने फुलीवर बोट ठेवले आणि मिस ट्रास्क काही म्हणायच्या आतच उचलले. तिसऱ्या फायलीत समुद्राचा नकाशा होता, त्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा एका बिंदूत मिळालेल्या.

“साक्षी नाहीत,” देओलिंदा म्हणाली. “झुल्मिरा, साक्षी नाहीत गं.”

“एक फाइल आहे अजून, आत्या. श्वास घे.”

चौथी फाइल सर्वांत जाड होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ कागद, त्यांवर जांभळट टंकलेखन. झुल्मिराने पहिले पान उलटले, दुसरे, दहावे. आणि मग तिने खुर्ची इतक्या जोराने मागे सारली की पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ दचकले.

“सापडलं! हे बघ! ‘साक्षीदार लौरेनियो सीमास, शपथेवर, दुभाष्यामार्फत’!”

“हळू,” मिस ट्रास्क म्हणाल्या. पण त्याही जवळ येऊन उभ्या राहिल्या.

“मी वाचणार,” देओलिंदा म्हणाली. “तो माझा बाप आहे. मी वाचते.”

तिने चष्मा लावला आणि एकेक प्रश्न, एकेक उत्तर, आपल्या पोर्तुगीज भाषेत करून हलक्या आवाजात वाचू लागली. तिचा आवाज प्रथम जेमतेम ऐकू येत होता. पुढे पुढे त्यात अशी काही धार आली की गिलने तिच्याकडे वळून पाहिले.

“प्रश्न. धुके किती वाजता उतरले? उत्तर. पहाटे साडेचारला. प्रश्न. तुम्ही कुठे होता? उत्तर. नाळेवर. प्रश्न. जागे होता? उत्तर. होय.”

ती थांबली. तिने पुन्हा वाचले: “उत्तर. होय.”

“पुढे वाच,” गिल म्हणाला.

“प्रश्न. हे तुम्ही कशावरून सांगता? उत्तर. हाताने दाबायचे शिंग बिघडले होते म्हणून मी तोंडाने फुंकायचे वाजवीत होतो. दर मिनिटाला. दोन तास. माझे ओठ फुटले. त्या दिवशी दवाखान्यात त्यांना मलम लावले, तो कागद वकिलांकडे आहे.” देओलिंदाने पानावरून मान वर केली. तिचे डोळे वाहत होते आणि चेहरा हसत होता. “ऐकलंस? ओठ फुटले म्हणे! झोपलेल्या माणसाचे ओठ फुटतात का रे? सांग ना! फुटतात का?”

“नाही,” गिल म्हणाला. “फुटत नाहीत.”

“झुल्मिरा, लिहून घे. नाही, फोटो काढ. काढू देतात ना? काढ!”

झुल्मिराने फोटो काढला, आणि आत्याच्या खांद्यावर हात टाकून तिला घट्ट धरले. देओलिंदाने पान उलटले आणि पुढचे वाचायला तोंड उघडले.

ते तसेच उघडे राहिले.

“काय झालं?” गिलने विचारले.

“काही नाही. इथे... वेळेची चर्चा आहे. घड्याळ वगैरे. झालं आपलं काम, गिल. मिळालं मला हवं होतं ते. चला, ओर्तेंसियावहिनी वाट बघत असेल.”

ती फाइल मिटू लागली. झुल्मिराने ते पान तिच्या खांद्यावरून पाहिले होते. तिने फोन खिशात ठेवला. एका क्षणात त्या दोघी एका बाजूला झाल्या आणि गिल दुसऱ्या बाजूला एकटा. सोमवारी तो ज्या बाजूला होता तिच्याहून ही बाजू निराळी होती.

“दिओ. पान दे.”

“तुझा चष्मा गाडीत आहे.”

“चष्मा माझ्या नाकावर आहे. सत्त्याहत्तर वर्षांचा झालो मी. मला पोर समजतेस?”

देओलिंदाने त्याच्याकडे पाहिले. आपला बाप ज्या जागी उभा राहिला असेल तीच ही जागा, असे तिला वाटले. इथे उभे राहून त्याने एक निवडले होते. त्याचे ते निवडणे तिला आता कळत होते. तेच पुन्हा निवडावे अशी तीव्र इच्छाही झाली. पण ज्याच्यासाठी बाप लपवीत होता ते मूल आता पांढऱ्या भुवयांचे होऊन हात पुढे करून उभे होते. तिने पान सरळ केले आणि फाइल त्याच्यापुढे सरकवली.

गिलने ओठ हलवीत, मनाशी वाचले.

*प्रश्न. न्यू बेडफर्डमध्ये तुम्ही स्वतः लोकांना सांगितलेत की तुम्ही झोपला होता. खरे ना?*

*उत्तर. होय, सांगितले.*

*प्रश्न. मग खोटे कोणते? ते की हे?*

*उत्तर. ते. हे शपथेवर आहे.*

*प्रश्न. तसे का सांगितलेत?*

*(साक्षीदार उत्तर देत नाही. न्यायालय उत्तर देण्यास सांगते.)*

*उत्तर. मी कप्तानाला दोनदा ओरडून सांगितले, वेग कमी कर. तो माझा थोरला भाऊ. तो म्हणाला, आज रविवार आहे, अकराच्या आत चर्चला पोचले पाहिजे, पोराच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा आहे. ते पोर सहा वर्षांचे आहे. बंदरातले लोक बोलतात. कुणीतरी त्याला म्हणेल, तुझ्या मुकुटापायी बाप बुडाला. म्हणून मी झोपलो होतो असे सांगितले.*

*न्यायालय. तुम्हांला कल्पना आहे ना, की हे सारे लिहून घेतले जात आहे?*

*उत्तर. हे कागद कोणी वाचतो का?*

*न्यायालय. न्यायालयाचे कागद कोणालाही वाचता येतात.*

*उत्तर. इंग्रजीत असतात ना?*

*न्यायालय. होय.*

*उत्तर. मग चालेल. आमच्या घरी कोणाला येत नाही.*

गिलने ते पान दोनदा वाचले. मग खाली ठेवले, कडा दुसऱ्या पानांच्या कडांशी नीट जुळवल्या, आणि खिडकीकडे पाहत राहिला. झुल्मिरा पुढे होऊ लागली तशी देओलिंदाने तिला हातानेच थांबवले.

“मला तो मुकुट नको होता,” गिल शेवटी म्हणाला. “टोचायचा. आदल्या आठवड्यात आईने घालून बघितला होता, मी रडलो होतो.” त्याच्या घशातून हसण्यासारखा एक आवाज आला. “बर्फाच्या कारखान्यावरून रोज जायचो मी. लौरेनियोकाका तिथे कामाला, दारात उभा असायचा. बत्तीस वर्षं, दिओ. मान हलवायचा. मी एकदाही हलवली नाही.”

“तुला ठाऊक नव्हतं.”

“त्याला ठाऊक होतं ना! मी मान हलवत नाही ते बघून त्याला वाटत असेल, बरं झालं, पोराला अजून कळलं नाही.”

 देओलिंदाने त्याच्या बाहीवर हात ठेवला.

“आणि तुझा बाप, एवारिस्तोकाका, वाईट नव्हता,” ती म्हणाली. “हे माझं वाक्य लिहून ठेव. घाई होती त्याला. घरी यायची.”

निकाल झुल्मिराने वाचला. धुक्यात पूर्ण वेगाने येणाऱ्या आणि नाळेवर माणूस न ठेवणाऱ्या तेलवाहू जहाजाला न्यायाधीशाने मुख्य दोषी धरले होते. बोटीलाही अतिवेगाचा दोष होता. पहाऱ्याविषयी मात्र एक स्वतंत्र वाक्य होते: नाळेवरील पहारेकरी जागा होता आणि आपले कर्तव्य करीत होता, असे या न्यायालयास आढळते.

“हीच प्रत हवी,” देओलिंदा म्हणाली. “साधी नको. खरी नक्कल म्हणून लिहिलेली.”

“प्रमाणित प्रत,” मिस ट्रास्क म्हणाल्या. “फीत आणि मोहोर लावून देऊ. किती?”

देओलिंदा ‘एक’ म्हणणार होती.

“दोन,” गिल म्हणाला. “एक तिच्याकडे, एक माझ्याकडे. आणि ते मुकुटाचं पानही त्यात घ्या. ते गाळायचं नाही.”

*

ओर्तेंसियाने दाराचा आवाज ऐकला तेव्हा कोबी चिरून झाला होता. तिने तिघांचे चेहरे पाहिले आणि तिला प्रथम काहीच उमगले नाही. नवऱ्याचे डोळे लाल होते, मुलगी हसत होती, आणि देओलिंदा दारातच उभी राहून शाल पुन्हा नीट गुंडाळीत होती.

“अहो, सापडलं की नाही? कुणी तरी बोला! मी सकाळपासून मिठाऐवजी साखर टाकतेय.”

“सापडलं,” गिल म्हणाला. “मोहोरबंद.”

“आणि?”

“जागा होता.”

ओर्तेंसियाने हातातली सुरी ठेवली, हात पुसले, देओलिंदाकडे गेली आणि तिचे दोन्ही गाल धरून तिला इतक्या जोराने चुंबिले की चष्मा तिरका झाला. मग सारी हकिगत एकदम तीन तोंडांनी ऐकावी लागली. मुकुटाचे पान गिलने स्वतः सांगितले, कोणाला सांगू दिले नाही. ओर्तेंसिया ते ऐकून खुर्चीवर बसली आणि एप्रनने तोंड झाकून घेतले. “सहा वर्षांचं पोर,” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

संध्याकाळच्या जपमाळेला शेजारी यायला अजून तासभर होता. देओलिंदा सवयीने दाराजवळच्या खुर्चीकडे वळली.

“तिथे कुठे?” गिल म्हणाला. “इकडे ये. टेबलाशी.”

“तुझ्या आईचा नेम—”

“आईला इंग्रजी येत नव्हतं. मला येतं.”

ती बसली. ओर्तेंसियाने पाव तिच्यापुढे ठेवला, त्यावर सोपाश ओतले, वर पुदिना टाकला. ती पहिला घास घेईपर्यंत कोणी चमचा उचलला नाही.

“रविवारी मुकुट तू नेशील,” गिल म्हणाला. “शब्द दिलाय मी.”

“आणि कागद मिळालाच नसता तर?”

“तर मी आडमुठा म्हातारा म्हणून मेलो असतो. तुला काय, सवय झाली असती.”

“झालीच होती.” देओलिंदाने घास गिळला. “नेईन मी. पण चर्चमध्ये पाद्रीबाबा तो टेकवतील तुझ्या डोक्यावर. माझ्या नव्हे. एकाहत्तर वर्षं झाली, तुझा राहून गेलाय.”

“मी म्हाताऱ्या वयात पोरांसारखा—”

“गिल,” ओर्तेंसिया म्हणाली, “गप्प बसा आणि डोकं खाली करायची सवय करा.”

झुल्मिरा इतकी हसली की तिला पाणी प्यावे लागले.

पुढे शेजारी आले, मेणबत्त्या लागल्या, जपमाळ सुरू झाली. शेवटी घराण्यातल्या दिवंगतांची नावे घ्यायची असतात, आणि ती यजमानाने घ्यायची. गिलने बापाचे नाव घेतले, आईचे घेतले, दोघा फ्राद भावांची घेतली. मग तो थांबला. खोलीतल्या सर्वांना वाटले, संपले. त्याने एक श्वास घेतला आणि मोठ्याने, स्पष्टपणे म्हटले, “लौरेनियो सीमास. नाळेवर जागा होता.”

“आमेन,” असे आधी देओलिंदा म्हणाली, आणि मग सारी खोली.

जो घाईने घरी येत होता त्याला शांती लाभो. जो जागा राहिला आणि झोपल्याचे सांगून गेला, त्याला त्याच्या सत्याइतकाच त्याच्या असत्याचाही आदर मिळो. ज्या अनोळखी हातांनी ते शब्द जसेच्या तसे टिपले आणि ज्यांनी सत्तर वर्षे ते जपून ठेवले, त्या हातांचे कल्याण होवो. आणि त्या टेबलाशी बसलेल्या चौघांना, त्यांच्या उरलेल्या दिवसांत, एकमेकांची नावे निर्भयपणे घेता येवोत.